मैदानाचे आरक्षण आणि आमचा पुनर्विकास: हरकत घ्यावी की गप्प बसावे?

पत्राचा सारांश: मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, वय ६१, निवृत्त शिक्षिका, लिहितात की त्यांची इमारत १९८३ सालची असून तिला गळती लागली आहे आणि दोन वर्षांपासून पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. इमारतीला लागून एक मोठा भूखंड आहे. विकास आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचे आरक्षण आहे. जमीन खासगी मालकाची आहे, फाटकाला बहुतेक दिवस कुलूप असते, एका कोपऱ्यात काही झोपड्या आहेत आणि मागच्या चाळीतली मुले पडक्या भिंतीवरून आत उतरून खेळतात. हे आरक्षण बदलून जमीन निवासी वापरासाठी खुली करण्याच्या प्रस्तावाची जाहीर नोटीस नुकतीच वर्तमानपत्रात आली. भूखंड मोकळा झाला तर दोन्ही जागा एकत्र करून प्रत्येक सभासदाला ३५ टक्के वाढीव कार्पेट (घराच्या भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्र) देता येईल, त्यासाठी संस्थेने प्रस्तावाला पाठिंब्याचे पत्र द्यावे, असे विकासकाने सभेत सांगितले. अध्यक्षांनी पत्राचा मसुदा सहीसाठी सचिवांकडे पाठवला आहे. त्यांचा मुलगा डोंबिवलीला भाड्याने राहतो. घर मोठे झाले तर तो कुटुंबासह परत येईल. ‘सही केली तर मुलांचे मैदान माझ्या हातून गेले असे वाटत राहील. नाही केली तर उरलेल्या ४७ घरांच्या मी आडवी आले असे होईल. शिवाय हे सगळे वरूनच ठरलेले असते. एकटीच्या हरकतीने काय होणार? मी गप्प बसले तर चालेल का?’ असे त्या विचारतात.

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत इतके गुंतले आहेत की तुम्हाला ते एकच वाटू लागले आहेत. पहिला प्रश्न तुमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा आणि दुसरा शेजारच्या भूखंडाच्या आरक्षणाचा. ही गाठ तुम्ही मारलेली नाही. ती विकासकाने सभेत मारली, आणि सभेत कोणी ती सोडवून पाहिली नाही. त्यामुळे ‘मैदान की शेजारी’ हा पेच सोडवायला बसण्यापूर्वी तो खरोखरच आहे का, हे पाहू या.

तो ३५ टक्क्यांचा आकडा मला खटकला. मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये ‘फंजिबल’ नावाने ओळखले जाणारे, मूळ बांधकाम मर्यादेच्या वर मिळणारे जे भरपाई क्षेत्र आहे, त्याची निवासी इमारतींसाठीची मर्यादा नेमकी ३५ टक्के आहे, आणि पुनर्विकासात जुन्या सभासदांच्या वाट्याचे हे क्षेत्र अधिमूल्य (प्रीमियम) न भरता मिळते. त्याखेरीज, जुन्या सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी विनियम ३३(७)(ब) आहे. त्यानुसार सध्याच्या बांधकाम क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांतले जे अधिक असेल तेवढे प्रोत्साहन क्षेत्र मिळू शकते. या दोन्ही गोष्टींसाठी शेजारच्या मैदानाला हात लावावा लागत नाही. विकासकाने देऊ केलेले ३५ टक्के मैदानामुळे मिळणार आहेत, की नियमाने तुम्हाला तसेही मिळू शकणारे क्षेत्र मैदानाच्या नावावर खपवले जात आहे, हे मी तुमची फाईल न पाहता सांगू शकत नाही. पण हा प्रश्न सभेत कोणीच विचारला नाही, एवढे तुमच्या पत्रावरून दिसते.

तेव्हा पहिले काम असे की संस्थेने नेमलेल्या वास्तुविशारदाकडून किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराकडून दोन लेखी तक्ते मागवा. एक संस्थेच्या स्वतःच्या भूखंडापुरता आणि दुसरा शेजारचा भूखंड जोडून. प्रत्येकात सभासदाला मिळणारे कार्पेट, विकासकाला विक्रीसाठी उरणारे क्षेत्र, रस्त्याच्या रुंदीनुसार लागू होणारा चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येते ते) आणि पार्किंगची सोय हे सगळे असावे. सल्लागार विकासकाने आणलेला असेल तर त्याचा तक्ता चालणार नाही. तो संस्थेने सभेत निवडलेला हवा. सहकारी संस्थांच्या पुनर्विकासाबाबत राज्य सरकारने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्देशांतही विकासक निवडण्याआधी व्यवहार्यता अहवालाचीच पायरी आहे. तो झालाच नसेल, तर संस्था अजून विकासकाच्या प्रेझेंटेशनवरच चालली आहे, आणि सचिव म्हणून हे बोलून दाखवण्याचा अधिकार सर्वांत आधी तुमचा आहे. अनेकदा असे होते की दोन तक्ते शेजारी ठेवले म्हणजे सभासदाच्या रकान्यात जेमतेम फरक असतो आणि विक्रीच्या रकान्यात मोठा. तुमच्याकडे तसेच निघेल असे नाही. फरक मोठा निघाला, तर निदान मैदानाच्या बदल्यात काय मिळते हे सर्वांना आकड्यांत दिसेल आणि मग होईल तो वाद खरा असेल.

आता ‘सगळे वरून ठरलेले असते’ या तुमच्या समजुतीकडे वळतो. मुंबईत राहून असे वाटणे स्वाभाविक आहे आणि मी त्याला भाबडेपणाने उत्तर देणार नाही. गिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. १९९१ च्या नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला अशी वाटणी ठरवली होती. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली. शेडखालची जमीन हिशेबातून बाहेर गेली. गिरणगावात शेडच जास्त, त्यामुळे मैदाने आणि स्वस्त घरे यांचा वाटा किती आक्रसला हे वेगळे सांगायला नको. याविरुद्ध जनहित याचिका झाली ती २००५ साली. उच्च न्यायालयाने त्या वर्षी याचिकाकर्त्यांच्या बाजूने दिलेला निकाल मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. हे उदाहरण तुमच्या निराशेला दुजोरा देणारे वाटेल. मला मात्र त्यात तारखा दिसतात. बदल २००१ चा आणि न्यायालयातले भांडण २००५ चे. तुमच्या हातात आज असलेली नोटीस बदल होण्यापूर्वीची आहे.

उलट बाजूचे उदाहरणही याच शहरातले आहे. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू गळालेल्या, वापरातल्या जागांवर भलतीच नोंद झालेली असे असंख्य दोष लोकांनी शोधले. हजारो हरकती आल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारला तो मसुदा नव्याने करायला सांगावे लागले. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला आणि आज लागू असलेला आराखडा सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्या हरकतींत मोठमोठ्या संस्था होत्या, तसेच ‘आमच्या गल्लीतली शाळा नकाशावर दुकान म्हणून दाखवली आहे’ असे लिहिणारे लोकही होते. तेव्हा लढत संपूर्ण आराखड्याची होती आणि आवाज मोठा होता, हे मान्य. एका भूखंडाच्या फेरबदलाला तेवढा आवाज मिळत नाही. म्हणूनच अशा फाईलवर दोन-चार नेमक्या हरकती असणे आणि एकही नसणे, यांत फार अंतर पडते.

प्रक्रिया थोडक्यात सांगतो, कारण ती माहीत नसल्यामुळेच ‘वरून ठरले’ असे वाटते. मंजूर आराखड्यातील आरक्षण बदलायचे असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे फेरबदलाची नोटीस काढावी लागते. ती राजपत्रात आणि अन्य मार्गांनी प्रसिद्ध होते आणि एक महिन्याच्या आत कोणाही व्यक्तीला हरकत किंवा सूचना देता येते. ‘कोणाही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही जमिनीच्या मालक किंवा शेजारी असण्याची अट नाही, आणि मागच्या चाळीतल्या पालकांनाही तोच हक्क आहे. त्यानंतर सुनावणी होऊन प्रस्ताव राज्य सरकारकडे जातो व अंतिम मंजुरी तेथे मिळते. फेरबदल आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणारा नसावा, अशी याच कलमाची अट आहे. काही वेळा नोटीस महापालिकेऐवजी थेट नगर विकास विभागाची असते. तेव्हा हरकत कोणत्या कार्यालयात आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे द्यायची ते नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात नीट पाहून घ्या. चुकीच्या टेबलावर दिलेली उत्तम हरकत मुदतीनंतर योग्य टेबलावर पोहोचते, असा अनुभव अनेकांचा आहे.

नोटीस वाचताना तिच्यातला सिटी सर्व्हे क्रमांक टिपून घ्या आणि त्याच क्रमांकाचा डीपी रिमार्क (विकास आराखड्यातील नोंदीचा दाखला) महापालिकेच्या संकेतस्थळावरून काढा. तेथे भूखंडाचा रंग, लगतच्या रस्त्याची आखणी आणि आरक्षणाचा संकेतांक दिसेल. खेळाच्या मैदानाला १.४ हा क्रमांक आहे. त्याच्या आधी ‘आरओएस’ असेल तर ती भविष्यासाठी राखून ठेवलेली मोकळी जागा, आणि ‘ईओएस’ असेल तर आराखड्याच्या वेळी वापरात असलेली मोकळी जागा. दोन्हींसाठीचा युक्तिवाद वेगळा होतो. सोबत मालमत्ता पत्रकही काढा, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे आणि अलीकडे हस्तांतर झाले आहे का, हे कळेल. नोटिशीत क्षेत्रफळ किती लिहिले आहे तेही ताडून पाहा. संपूर्ण भूखंडाचे आरक्षण जाणार आहे की काही भागाचे, आरक्षण उठणार आहे की दुसरीकडे हलणार आहे, हे सभेत सांगितलेल्या गोष्टीवरून कळत नाही. दुसरीकडे हलणार असेल तर ती दुसरी जागा पायी जाऊन पाहा. कागदावर तेवढेच चौरस मीटर असलेली जागा नाल्याच्या काठची निमुळती पट्टी असू शकते, आणि तेथे क्रिकेटची खेळपट्टीसुद्धा बसत नाही.

या सगळ्यात जमीनमालकाची बाजूही आहे आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. आरक्षण टाकून महापालिकेने वर्षानुवर्षे जमीन घ्यायची नाही, मोबदला द्यायचा नाही आणि मालकाने तिचे काही करायचेही नाही, हे न्याय्य म्हणता येत नाही. म्हणूनच याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ ने मालकाला वाट दिली आहे: आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर तो नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. आताच्या आराखड्याची दहा वर्षे सप्टेंबर २०२८ मध्ये भरतात. म्हणजे तुम्ही हा फेरबदल थोपवला तरी प्रश्न मिटत नाही. महापालिका ही जमीन दुसरीकडे वापरता येणाऱ्या विकास हक्काच्या (टीडीआर) बदल्यात किंवा पैसे देऊन ताब्यात घेणार का, हे विचारावेच लागेल. तुमच्या हरकतीत ‘आरक्षण कायम ठेवा’ याच्या जोडीला ‘आणि संपादनाची कार्यवाही सुरू करा’ ही मागणी नसेल, तर ती हरकत अर्धीच आहे असे मी म्हणेन. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर महापालिकेत पुन्हा नगरसेवक आले आहेत. भूसंपादन आणि आरक्षणाचे विषय सुधार समितीपुढे जातात. मार्च २०२२ नंतरच्या प्रशासकाच्या काळात नागरिकांना ज्याच्याकडे जाता येईल असा लोकप्रतिनिधी प्रभागात नव्हता. आता आहे, त्याला गाठा.

कोपऱ्यातल्या झोपड्यांचा तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे, पण तो मुद्दा लहान नाही. झोपड्यांनी व्यापलेल्या मोकळ्या जागेच्या आरक्षणावर पुनर्वसन योजना राबवून किमान ३५ टक्के जागा मोकळी ठेवण्याची तरतूद नियमावलीत आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती जून २०२५ मध्ये कायम ठेवली. तुमच्या भूखंडावर ती लागू होते का, हे अतिक्रमण किती आणि केव्हाचे यावर ठरेल. तेथील कुटुंबांना वगळून लिहिलेली हरकत ‘इमारतवाल्यांना चाळीतले नकोत, झोपडीवालेही नकोत’ अशी वाचली जाण्याची भीती आहे. त्यांच्या पुनर्वसनाचे काय, हे एका वाक्यात तरी लिहा.

तुमच्या सभेत ‘मैदान वापरातच नाही’ असे कोणी म्हणाले असणार. कुलूप कोणी लावले, हा त्यावरचा साधा प्रतिप्रश्न आहे. आरक्षित जागेत राडारोडा टाकायचा, टँकर उभे करायचे, भिंत पडू द्यायची आणि मग ओसाड पडली म्हणून तिचा उपयोग बदलायचा, ही आपल्या शहरातली जुनी रीत आहे. मुले भिंतीवरून आत उतरतात, हाच वापराचा पुरावा आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेपाच वाजता, आठवड्याच्या आणि रविवारच्या दिवशी, तारीख दिसेल अशी छायाचित्रे काढा. मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. पायी पंधरा मिनिटांच्या टप्प्यात दुसरे मैदान आहे का, तेथे जाताना मोठा रस्ता किंवा रेल्वेमार्ग ओलांडावा लागतो का, परिसरातल्या किती शाळांना स्वतःचे पटांगण नाही, हे तुम्ही शिक्षिका असल्यामुळे कोणत्याही सल्लागारापेक्षा नीट मांडाल. हरकतीत ‘मुलांचे बालपण हिरावले जाते’ अशी वाक्ये टाळा. ती खरी असली तरी सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला त्यांवर टिपणी लिहिता येत नाही. नोटिशीचा क्रमांक व दिनांक, सिटी सर्व्हे क्रमांक, तुमचा पत्ता, चार-पाच मुद्दे, एक स्पष्ट मागणी आणि ‘मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी’ हे वाक्य, एवढे दोन पानांत बसते. ‘हरकती व सूचना’ यांतला सूचनेचा हक्कही वापरा: फेरबदल करायचाच असेल तर आधी पर्यायी मैदान तयार होऊन महापालिकेच्या ताब्यात यावे, मगच बांधकामाला परवानगी द्यावी, अशी अट तुम्ही सुचवू शकता.

माहितीच्या अधिकारात फाईल मागवावी असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. जरूर मागवा, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि हरकतीची मुदतही महिन्याचीच आहे. उत्तराची वाट पाहत बसलात तर मुदत टळेल. म्हणून हरकत आधी द्या, त्यात ‘कागदपत्रे मिळाल्यावर अधिक मुद्दे मांडण्याचा हक्क राखून ठेवते’ असे लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. ई-मेलने पाठवलेली हरकत ग्राह्य धरणार का, हे नोटिशीत स्पष्ट नसेल तर कागदी प्रतही द्या.

आता सहीचा आणि गप्प बसण्याचा प्रश्न. सचिव म्हणून तुमची सही ही संस्थेची सही असते. पाठिंब्याच्या पत्रामागे रीतसर सर्वसाधारण सभेचा ठराव नसेल तर तुम्ही सही करू नये. हा मैदानाबद्दलच्या तुमच्या मताचा भाग नाही. ठरावाशिवाय गेलेले पत्र उद्या कोणी आव्हान दिले तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. विषयपत्रिकेवर विषय घ्या, दोन्ही तक्ते सभासदांना सभेपूर्वी वाटा, मते नोंदवा. बहुमताने ठराव झाला तर सचिव म्हणून तो कळवणे तुमचे काम आहे, आणि तुमचे विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घेणे हा तुमचा हक्क आहे. याच वेळी स्वतःच्या नावाने, घरच्या पत्त्यावरून, संस्थेचे लेटरहेड न वापरता हरकत दिली तर त्यात कोणताही दुटप्पीपणा नाही. ती गुपचूप मात्र देऊ नका. अध्यक्षांना आधी सांगा. सुनावणीच्या यादीत तुमचे नाव दुसऱ्याच कोणाकडून कळले तर जिन्यात बोलणे बंद होईल, आणि ते टाळता येण्यासारखे आहे. गप्प बसणे म्हणजे तटस्थ राहणे असे तुम्हाला वाटते, पण तुमच्या जागी ते खरे नाही: सही न करता मसुदा तसाच ठेवलात तर उद्या अध्यक्ष स्वतःच्या सहीने तो पाठवतील, आणि फाईलवर तुमच्या संस्थेचा पाठिंबा तेवढा दिसेल.

मुलाला परत आणण्याची तुमची इच्छा स्वार्थी आहे असे तुम्ही पत्रात सुचवले आहे. मला तसे वाटत नाही. पण ती इच्छा मैदानावर अवलंबून आहे की नाही हे तक्ते आल्यावरच कळेल, तोपर्यंत त्याला कसलेही आश्वासन देऊ नका.

माझे मत विचाराल तर व्यक्तिगत हरकत द्या, पुनर्विकासाला विरोध नाही हे तिच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि चाळीतल्या दोन-तीन पालकांना त्यांच्या स्वतःच्या शब्दांत वेगळ्या हरकती द्यायला मदत करा. एकाच मजकुराच्या पन्नास प्रती एकाच मुद्द्यात निकालात निघतात. सुनावणीला तुमच्या वाट्याला थोडी मिनिटेच येतील, म्हणून कोणी शाळांबद्दल, कोणी अंतराबद्दल, कोणी संपादनाबद्दल बोलायचे ते आधी ठरवा आणि बोललेले लेखी स्वरूपात तेथेच द्या. सुनावणीनंतर प्रस्ताव राज्य सरकारकडे गेला की मंत्रालयातील नगर विकास विभागालाही त्याच हरकतीची प्रत पोचेसह पाठवा. मंजुरी कधी अटींसह, कधी बदल करून येते आणि ती राजपत्रात प्रसिद्ध होते. तुमच्या सूचनेतली पर्यायी मैदानाची अट तिच्यात आली आहे का, हे तेथे पाहावे लागेल.